काटकसरीचे उपदेशक आणि पानशेतची चूल

थोडक्या पैशांत घर कसें चालवावें या विषयावर आपल्याकडे अलीकडे इतकें लिहिलें जात आहे कीं, लिहिण्यानें पोटें भरत असतीं तर एव्हांना महाराष्ट्रांत कोणी उपाशी राहिलाच नसता. दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या, महिलांचीं मासिकें, दिवाळी अंकांतील पाककृतींचीं पानें, दूरचित्रवाणीवरील स्वयंपाकाचे कार्यक्रम, सर्वत्र एकच पाठ चालू असतो. वाणसामानाची यादी करून मगच बाजारांत पाऊल टाकावें. भाजी हंगामांतली घ्यावी. गव्हातांदळाऐवजीं नाचणी व ज्वारी वापरावी. शिळ्या भाताला फोडणी द्यावी व शिळ्या पोळीचा कुस्करा करावा. तुरीची डाळ महाग झाली तर वरण पातळ करावें अगर हुलग्यांवर भागवावें. या उपदेशाविरुद्ध कोणी अवाक्षर काढल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. म्हणून तें अप्रिय काम आज आम्ही पत्करीत आहों.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. काटकसरीशीं आमचें वैर नाहीं. उन्हाळ्यांत वर्षाचे गहू निवडून, ऊन दाखवून, एरंडेल चोळून डब्यांत भरणाऱ्या, आणि कोथिंबिरीचे देठसुद्धां वाटणांत घालणाऱ्या हातांनीं आम्हांला वाढविलें आहे. त्या हातांची थट्टा करण्याचा कृतघ्नपणा आमच्या हातून होणार नाहीं. शिवाय वर सांगितलेल्या सूचनांपैकीं बहुतेक खऱ्या आहेत. यादीनें खर्च आवरतो, हंगामांतली भाजी स्वस्त असते व चांगलीही असते. आमचा आक्षेप सूचनांवर नसून सूचना देणाऱ्यांच्या हिशेबावर आहे. तो हिशेब अपुरा आहे, आणि ज्या रकमा त्यांतून गळल्या आहेत त्या कोणाच्या तरी अंगावर नित्य पडत आहेत.

ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती पानशेतास. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं आम्ही कांहीं मित्रांसह खडकवासल्यावरून धरणाकांठच्या रस्त्यानें तिकडे गेलों होतों. त्या रस्त्यावर सुटीच्या दिवशीं पुणेकरांची जी रीघ लागते, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांना वाटेवरच्या पाट्याही आठवतील. ‘चुलीवरची भाकरी’, ‘गांवरान जेवण’, ‘पिठलें, ठेचा, नाचणीची भाकरी’. अशाच एका छपराखालीं आम्ही बसलों. साठीच्या घरांतली एक बाई धुरांत डोळे बारीक करून नाचणीच्या भाकरी थापीत होती. पलीकडे तिचीं नातवंडें जेवत होतीं, आणि त्यांच्या ताटांत शिधेच्या दुकानांतल्या तांदळाचा पांढरा भात होता. आमच्यांतील अध्यापकास राहवलें नाहीं. नाचणीचे गुण आम्ही तिला समजावून सांगूं लागलों, व ‘पोरांनाही हीच देत जा’ असें सुचविलें. तिनें तव्यावरची भाकरी उलटीत उत्तर दिलें :

“सायेब, तुमी आवडीनं खाता त्ये बरं हाये. पर ही सुटावी म्हून माज्या आईनं जलमभर हातपाय झिजवलं. आता पोरं भात मागत्यात. त्यास्नी काय सांगू, परत नाचणीवर जावा म्हून?”

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. पुण्यास परतल्यावर त्याच आठवड्यांत एका पुरवणींत एक लेख वाचनांत आला. गोरगरीब कुटुंबांनीं तांदळाचा मोह सोडून ‘आजीच्या स्वयंपाकघराकडे’ परत वळावें, म्हणजे पैसाही वांचेल व प्रकृतीही सुधारेल, असा त्याचा आशय होता. लेख वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें ती भाकरी थापणारी बाई उभी राहिली, आणि आपण तिला सांगितलें तें व हा लेखक सांगतो तें एकच आहे, हें ओळखून आम्हांला संकोच वाटला. पुढील लेख त्या संकोचांतून उतरला आहे.

प्रथम नाचणीचाच हिशेब घेऊं. तिचे गुण काल्पनिक नाहींत. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें. तितक्याच सडलेल्या तांदळांत तें दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें, आणि त्याच वर्षींच्या अर्थसंकल्पांत भारत सरकारनें या धान्यांना ‘श्रीअन्न’ असें गौरवाचें नांव दिलें. सारें यथार्थ आहे. परंतु वेल्ह्याच्या डोंगरउतारावर नाचणी आणि वरई पिकविणाऱ्या माणसानें तीं धान्यें कॅल्शियमसाठीं पेरलीं नव्हतीं. खालच्या खाचरांत भात, आणि वरच्या वरकस उतारावर, जेथें भात होत नाहीं तेथें नाचणी व वरई, अशी त्या मुलखाची शेती आहे. भात हें सणाचें, पाहुण्याचें व विक्रीचें धान्य. नाचणी हें रोजचें व नाइलाजाचें. ज्याची खाचरें थोडीं त्याच्या ताटांत नाचणी अधिक, एवढा साधा तो नियम होता. गरिबीचें चिन्ह म्हणून जें अन्न पिढ्यान् पिढ्या खाल्लें, तें सुटल्याचा आनंद कोणास झाला, तर त्याला अज्ञान म्हणण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावें.

शिवाय त्या धान्यामागची मेहनत पाहावी. नाचणीची कणसें कापावयाचीं, वाळवावयाचीं, झोडावयाचीं, पाखडावयाचीं. दाणा इतका बारीक कीं खडा व माती निवडतां निवडतां डोळे दुखतात. वरईचें तर टरफलच दाण्यास घट्ट चिकटलेलें. तें उखळांत कांडल्याशिवाय सुटत नाहीं. कांडणें, पाखडणें, पुन्हां कांडणें, असें केल्यावर पसाभर वरई हातीं येते. जात्यावरच्या ओव्यांवर आपण व्याख्यानें देतों व त्यांचे संग्रह छापतों. परंतु जातें ओढणाऱ्या बाईनें गिरणी गांवांत आली त्या दिवशीं सुटकेचा निःश्वास टाकला, ही गोष्ट त्या व्याख्यानांत येत नाहीं. काटकसरीच्या लेखांत नाचणीची किंमत किलोच्या भावानें मांडलेली असते. तींत हे तास कोठें आहेत? त्या चुलीस लागणारी मोळी कोठें आहे? मोळी रानांतून डोक्यावर आणणारी पाठ कोठें आहे? उपदेशकाच्या वहींत स्त्रीचा वेळ फुकट, सरपण फुकट आणि पाणीही फुकट. तीन रकमा सोडून दिल्यावर कोणतेंही घर स्वस्तांत चालवून दाखवितां येतें.

पाण्याचा विषय निघालाच आहे, आणि पानशेतास तो निघणें अपरिहार्य आहे. आंबी नदीवरील पानशेत धरणाच्या कामास १९५७ सालीं आरंभ झाला. १२ जुलै १९६१ रोजीं, काम पुरें होण्यापूर्वींच, तें फुटलें. त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणही गेलें आणि पुण्यांत हाहाकार उडाला. ती तारीख पुण्यांतील प्रत्येक घराण्याच्या आठवणींत आहे, आणि ती असावयासही पाहिजे. धरण पुढें पुन्हां बांधलें गेलें. आज खडकवासला, वरसगांव व टेमघर या जलाशयांबरोबर पानशेतचें पाणी पुण्याच्या नळास येतें. परंतु पुराची आठवण ठेवणाऱ्या आमच्या शहरास दुसरी एक गोष्ट सहसा आठवत नाहीं. ज्या खोऱ्यांत तें पाणी सांठलें आहे, त्याच्या तळाशीं गांवें होतीं, आणि गांवांभोंवतीं भाताचीं खाचरें होतीं. खोऱ्यांतली चांगली जमीन नेहमीं तळाशीं असते व धरणाचें पाणीही तळाशींच सांठतें. म्हणजे भात पाण्याखालीं गेला आणि नाचणीचा उतार वर राहिला. ज्या पुण्याच्या घरांत आंबीच्या पाण्यावर वरणाचा कुकर चढतो, त्याच घरांतून ‘तांदूळ सोडा, नाचणीकडे वळा’ असा उपदेश त्याच खोऱ्याकडे परत जावा, यांतली विसंगति कोणास खटकत नसेल तर ती आम्ही येथें नोंदवून ठेवतों.

आणि विनोदाचा भाग पुढेंच आहे. ज्या नाचणीकडे गरिबानें वळावें असें सांगितलें जातें, ती आतां गरिबाची राहिलेली नाहीं. तिचें पीठ, तिचे पापड, तिचीं बिस्किटें, तिचें ‘सत्त्व’ शहरांतील दुकानांत रंगीत पाकिटांतून येतें, आणि पाकिटाच्या किंमतीकडे पाहिलें म्हणजे तें कोणासाठीं आहे हें सांगावें लागत नाहीं. उलट बाजूस २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील माणशीं महिना ५ किलो धान्य ठरविलें. त्यांत तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते, आणि जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य मिळूं लागलें. कायद्यांत भरडधान्याचें नांव आहे खरें; परंतु दुकानांतून मुख्यतः आले ते तांदूळ आणि गहू. तेव्हां पानशेतच्या त्या बाईनें काय करावें? फुकट मिळणारा तांदूळ बाजूस सारून, जी नाचणी शहरच्या पाहुण्यास विकून चार पैसे मिळतात ती स्वतःच्या पोरांस घालावी? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थीसुद्धां सांगेल कीं, तिनें जें केलें तेंच काटकसरीचें होतें. तिचा हिशेब आमच्या हिशेबाहून पक्का होता. आम्हीच तो तपासावयास बसलों होतों!

यावर असें म्हटलें जाईल कीं, ‘अहो, हे लेख पानशेतच्या बाईसाठीं नसतातच, ते शहरांतील मध्यम स्थितींतल्या गृहिणीसाठीं असतात.’ ठीक आहे. मग त्यांत ‘गरिबांनींही हें सहज करावें’ हें पालुपद कशासाठीं? खरी गोष्ट अशी आहे कीं, गरिबी ही उधळपट्टीमुळें येते आणि शहाणपणानें जाते, ही समजूत सुस्थितांना फार सोयीची वाटते. तिच्यामुळें कोणास कांहीं द्यावें लागत नाहीं. सल्ला दिला कीं भागतें. ही समजूत आपल्याच देशांतली आहे असेंही नाहीं. सीबोम राउंट्री या गृहस्थानें इंग्लंडांतील यॉर्क शहराच्या गरिबीची पाहणी करून १९०१ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें निव्वळ शरीर चालतें राहण्यापुरता अत्यंत काटेकोर खर्च मांडला; त्यांत वर्तमानपत्र नाहीं, आगगाडीचें तिकीट नाहीं, पोराला खेळणें नाहीं. तो तसा मांडण्याचें कारण हें कीं, इतकें करूनही ज्यांचें भागत नाहीं अशीं कुटुंबें किती आहेत तें त्यास दाखवावयाचें होतें. उपदेशकांनीं अशा हिशेबाचा नेमका उलटा उपयोग केला : पाहा, इतक्यांत भागतें!

जॉर्ज ऑर्वेलनें १९३७ सालच्या ‘द रोड टु विगन पिअर’ या पुस्तकांत असल्याच एका अंदाजपत्रकाची हकीकत दिली आहे. एका मनुष्यानें आठवड्यास चार शिलिंगांहूनही कमी पैशांत पोट भरतां येतें असें वर्तमानपत्रांतून दाखवून दिलें होतें. ऑर्वेलनें तें वाचून एक बारीक गोष्ट हेरली. त्या यादींत सरपणाचा खर्चच नव्हता. कारण त्या मनुष्यास जळण परवडत नसल्यामुळें तो सर्व अन्न कच्चेंच खात होता! वर आम्ही ज्या गळलेल्या रकमा म्हटल्या त्यांचा याहून चांगला दाखला मिळणें कठीण. त्याच पुस्तकांत तो आणखी एक मर्म सांगतो. ज्याचे दिवस कंटाळवाणे व निराशेचे आहेत, त्यास पौष्टिक व बेचव अन्न नको असतें. त्यास जिभेला जरा चव देणारें कांहीं तरी हवें असतें. दिवसभर डोंगर चढून-उतरून आलेल्या मजुरास संध्याकाळीं गोड चहा हवासा वाटतो, तो काय त्याला साखरेचे दोष ठाऊक नाहींत म्हणून?

आतां आकडे पाहूं. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यानें १८५७ सालीं एक नियम सांगितला : कुटुंबाची मिळकत जों जों कमी, तों तों तिच्यांतील अन्नाचा वांटा अधिक. आपल्याकडे २०२३-२४ सालच्या कुटुंबखर्चाच्या सरकारी पाहणींत ग्रामीण भागांत दर शंभर रुपयांतील ४७ रुपये अन्नावर खर्च होतात, शहरांत सुमारें ४०, असें आढळलें. १९९९-२००० सालीं हेच आकडे सुमारें ५९ व ४८ होते. म्हणजे स्थिति सुधारली आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण हे आकडे सरासरीचे आहेत, आणि तळच्या घरांतील वांटा याहून मोठा असणार हें एंगेलच्या नियमावरूनच उघड आहे. अशा घरांत काटकसरीस वाव कोठें उरतो? ज्याच्या यादींत बदाम व चीज आहे त्यानें तीं वगळलीं म्हणजे त्याचे पैसे वांचतात. ज्याच्या यादींत तेल, मीठ, मिरची, गूळ व चहाची पूड एवढेंच आहे त्यानें काय वगळावें?

उलट गरिबास गरीब असल्याचाच दंड भरावा लागतो. ज्याच्या हातीं महिन्याचा पगार एकदम येतो तो पंधरा किलोचा तेलाचा डबा घेतो, हंगामांत तांदळाचें पोतें भरतो, आणि दर किलोमागें वांचवितो. ज्याच्या हातीं आजची मजुरी आज येते तो तेलाची लहान पुडी घेतो, चहाची पुडी घेतो, साखर पावशेर घेतो, आणि त्याच तेलाला, त्याच चहाला लिटरमागें व किलोमागें जास्त पैसे मोजतो. पुढें पावसाळ्यांत काम नसलें कीं वाण्याच्या वहींत खातें पडतें. खातें पडलेल्या गिऱ्हाइकास भाव विचारण्याची सोय राहत नाहीं, आणि दुसऱ्या दुकानांत जाण्याची तर नाहींच. ‘एकदम खरेदी करा’ हा उपदेश त्याला करणें म्हणजे ‘तुझ्याजवळ पैसे असते तर तुझे पैसे वांचले असते’ असें सांगणें होय.

तिसरा दोष या सर्वांहून गंभीर आहे, आणि तो शहरी-ग्रामीण, गरीब-सुस्थित सर्वांस सारखाच लागू आहे. काटकसरीचे हे सर्व उपदेश एकाच व्यक्तीस उद्देशून असतात, आणि ती व्यक्ति घरांतली स्त्री असते. पुरुषानें आपला चहा, विडीकाडी, मित्रांबरोबरच्या बैठकी यांत काटकसर करावी असा लेख आमच्या पाहण्यांत क्वचित् आला. कुटुंबाची काटकसर म्हणजे बाईची काटकसर. आणि ती प्रत्यक्षांत कशी होते हें ज्यानें कोणतेंही मराठी घर आंतून पाहिलें आहे त्यास सांगावें लागूं नये. सर्वांचें जेवण झाल्यावर ती बसते. भाजी संपलेली असते. ती चटणीवर भागविते. दूध पोरांना व घरधन्यास पुरतें. तिला नको असतेंच. शिळें टाकूं नये म्हणून शिळें तिच्याच ताटांत जातें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं देशांत ५७ टक्के व महाराष्ट्रांत ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत हें आम्ही जाणतों. परंतु ज्या राज्यांत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत पुरेसें रक्त नाहीं, तेथें स्त्रियांना ‘अजून थोडें वांचवा’ असें सांगणाऱ्या लेखकानें, ती बचत कोणाच्या ताटांतून निघणार आहे, याचा विचार केला पाहिजे. येथें आम्ही स्वतःसही वगळीत नाहीं. घरच्या वाणसामानाच्या यादीवर आम्ही अनेक वर्षें नजर फिरवीत आलों, एखादी रक्कम जास्त दिसली तर विचारीतही आलों. परंतु शेवटची पोळी कोणाच्या वांट्यास येते हें आम्ही कधीं विचारलें नाहीं.

‘मग तुमचें म्हणणें काय? उधळपट्टी करावी?’ असा प्रश्न येथें येणारच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, काटकसर ही एकट्या बाईनें चुलीपुढें करावयाची गोष्ट आहे ही कल्पना सोडावी. महाराष्ट्रांतील स्त्रियांनीं ती एकदां सोडली होती. १९७२ सालचा दुष्काळ व त्या सुमाराची महागाई ज्यांना आठवते त्यांना मुंबईंतले लाटणेंमोर्चेही आठवतील. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरुद्ध एकत्र आल्या, आणि हजारों गृहिणी थाळ्यांवर लाटणीं वाजवीत रस्त्यावर उतरल्या. त्या बायकांना काटकसर शिकविण्याची गरज नव्हती; ती त्यांनीं जन्मभर केली होती. तेल व धान्य ज्या भावानें मिळतें तो भाव स्वयंपाकघरांत ठरत नसतो, हें त्यांना कळलें होतें. पातळ वरणाच्या पाककृतींत जें सांगितलें जात नाहीं तें त्या थाळीनाद करून सांगत होत्या.

आणि केवळ मोर्चाच नव्हे. बांधीव कामाचेही दाखले आहेत. इंग्लंडांतील रॉचडेल येथें १८४४ सालीं अठ्ठावीस माणसांनीं, ज्यांत विणकर बरेच होते, थोडें थोडें भांडवल जमवून दुकान काढलें. आरंभीं त्यांत लोणी, साखर, पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. पण माल भेसळीचा नव्हता, वजन खरें होतें, आणि नफा खरेदीच्या प्रमाणांत सभासदांस परत मिळे. जगांतील ग्राहक सहकाराचा तो पाया ठरला. मुंबईंत १९४८ सालीं नायगांवच्या कामगार वस्तींत अपना बाजारची सुरुवात झाली. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि शेजारच्या कुटुंबांनीं संघ करून, मागण्या एकत्र करून, माल घाऊक घेऊन आपसांत वांटून घेण्याची पद्धति तिनें मध्यमवर्गांत रुजविली. लहान पुडीचा दंड चुकविण्याचा उपाय हाच आहे. दहा घरें मिळून तेलाचा डबा घेऊं शकतात. एकटें घर जन्मभर पुडीच घेतें. हा उपाय वेल्ह्याच्या वाड्यांतून, तेथील बचत गटांच्या मार्फत, कां होऊं नये? परंतु उपदेशकांच्या लेखांत ‘शेजारणीस हांक मारा’ ही सूचना आम्हांला सहसा आढळत नाहीं. त्यांची गृहिणी नेहमीं एकटी असते.

एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे, नाहीं तर आम्हीही एक रक्कम गाळल्याचा दोष आमच्यावर येईल. स्वस्ताई ही स्वतःच मोठी पुण्यप्रद वस्तु नव्हे. २०१५ सालच्या दिवाळीच्या सुमारास तुरीची डाळ किलोस दोनशें रुपयांच्या घरांत गेली, तेव्हां पातळ वरणाच्या पाककृतींना ऊत आला होता. पुढच्या हंगामांत शेतकऱ्यांनीं तूर भरभरून पेरली, पाऊसही बरा झाला, आणि भाव सरकारनें ठरविलेल्या आधारभूत किंमतीच्याही खालीं आले. शहरांत वरण घट्ट झालें आणि तूर पिकविणाऱ्याचें घर पातळ झालें. ज्या स्वस्ताईची किंमत शेतकऱ्यानें भरली ती काटकसर नव्हे. तो दुसऱ्याच्या खिशांतून केलेला खर्च आहे. तेव्हां भाव ग्राहकास झेपावा आणि पिकविणाऱ्यास परवडावा, या दोहोंच्या मधली जी दलाली व साठेबाजी तिच्यावर आघात व्हावा, हेंच कोणत्याही खऱ्या काटकसरीचें ध्येय असावयास पाहिजे. तें एका स्वयंपाकघरांत साधण्यासारखें नाहीं.

आतां नाचणीकडे परत येऊं, कारण ती टाकून द्यावी असें आमचें मत नाहीं. ती पोरांच्या ताटांत यावी हें आम्हांलाही वाटतें. पण तसें वाटत असेल तर आधीं कांहीं गोष्टी कराव्या लागतील. डोंगरांतील नाचणी आणि वरई सरकारनें तेथल्या तेथें रास्त भावानें विकत घ्यावी, आणि त्याच भागांतील शिधेच्या दुकानांतून व शाळेंतील मध्यान्ह भोजनांतून ती द्यावी; कायद्यांत भरडधान्यास जागा आहेच. वरई सडण्याचें व नाचणी साफ करण्याचें यंत्र वाडीच्या जवळ असावें, म्हणजे ‘श्रीअन्ना’ची श्री बाईच्या खांद्यांतून काढावी लागणार नाहीं. चुलीचा धूर ही पर्यटकांची करमणूक न समजतां ती एक आपत्ति समजावी. आणि इतकें झाल्यावरही एखाद्या आईनें सणाला, किंवा एरवींही, पोरांस पांढरा भात वाढला तर तिच्याकडे शिक्षकाच्या नजरेनें पाहूं नये.

काटकसरीचे लेखक यापुढेंही लिहितीलच, आणि त्यांनीं लिहावें. आमची त्यांस एवढीच विनंती आहे कीं, प्रत्येक पाककृतीखालीं जशी साहित्याची किंमत छापतात तशी आणखी चार ओळींची जागा ठेवावी : हीस किती तास लागतात, किती सरपण लागतें, पाणी किती अंतरावरून आणावें लागतें, आणि हें सर्व करणारी व्यक्ति स्वतः काय जेवते. या चार ओळी प्रामाणिकपणें भरल्या तर पुष्कळशा ‘स्वस्त’ पाककृति महाग ठरतील, आणि कांहीं खरोखरच स्वस्त ठरतील. त्या आम्ही आमच्या घरींही आनंदानें करूं, आणि आठवड्यांतून दोन दिवस तरी आमच्या स्वतःच्या हातानें करूं. तोंपर्यंत पानशेतच्या त्या बाईस तिच्या नातवंडांच्या भाताबद्दल कोणीं टोकूं नये. तिनें आम्हांला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर अजून आपणांपैकीं कोणींच दिलेलें नाहीं.